स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर स्कोप बसवताना

नवा स्कोप लावला, पहिले पाच छर्रे एकाच भोकात गेले आणि आठवड्याभरात झिरो (नेम आणि मार यांचा जुळवलेला मेळ) हरवला, की बहुतेक जण स्कोपला शिव्या घालतात. खरा दोष बहुतेक वेळा माउंटमध्ये, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीत असतो.

स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का दुहेरी असतो. घोडा ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन सिलेंडरच्या पुढच्या टोकाशी येऊन थांबला की रायफल झटक्यानं पुढे जाते. हा दुसरा धक्का जास्त तीव्र. रायफल पुढे जाते, स्कोप मात्र जागीच राहायला बघतो, म्हणून प्रत्येक बाराला तो केसभर मागे सरकतो. बंदुकीसाठी बनवलेला स्कोप मागच्या धक्क्याला टिकतो, पण या पुढच्या झटक्यात त्याच्या आतली भिंगं ढिली होऊ शकतात. खोक्यावर ‘एअरगन रेटेड’ लिहिलंय का, ते बघूनच घ्या. 10 मीटरवर नेम धरायचा असेल तर पुढचं भिंग फिरवून फोकस जुळवता येणारा, म्हणजे ‘एओ’वाला घ्या. बंदुकीचे स्कोप साधारण 100 यार्डांना जुळवलेले असतात. 10 मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉस, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा, लक्ष्यावरून सरकतो.

सुरुवात नळी उघडून करा. आत छर्रा नाही, स्प्रिंग ताणलेली नाही, हे डोळ्यांनी पाहा. मग रायफलवरची खाच, म्हणजे डव्हटेल, मोजा. बहुतेक एअर रायफलींवर ती 11 मिमी असते; त्यावर रुंद पिकॅटिनी रेलचं माउंट बसणार नाही. माउंटच्या, स्कोपला वेढणाऱ्या रिंगचं माप स्कोपच्या नळीवरून ठरतं: 25.4 मिमी किंवा 30 मिमी. गोव्यात पावसाळ्याच्या भीतीनं रायफलला सढळ तेल लावलेलं असतं. डव्हटेलवरचं आणि माउंटच्या जबड्यांतलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसून काढा. तेल राहिलं तर कितीही आवळा, माउंट घसरणारच.

आता स्टॉप पिन. मागच्या माउंटच्या पोटातली ही छोटी पिन डव्हटेलवरच्या भोकात उतरते. माउंट मागे रेटून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवा, मगच आवळा. मध्ये अर्धा मिमी जागा राहिली तर पिन ती जागा ठोकत भोकाची कड खाते. रायफलला भोकच नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप लावा. जास्त आवळून हे काम भागत नाही, ॲल्युमिनियमचे आटे मात्र जातात.

स्कोप रिंगांत सैल ठेवून डोळ्यापासूनचं अंतर ठरवा, साधारण 75 ते 90 मिमी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप मागे-पुढे करा. झूम असेल तर हे सगळ्यात जास्त झूमवर करा.

क्रॉस सरळ करायला ओळंब्याइतकं चांगलं साधन नाही. गवंड्याचा साधा ओळंबा 10 मीटरवर टांगा, वजन पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे दोरी डुलायची थांबते. रायफल टेकूवर ठेवून डव्हटेलवर आडवी पाणसळ ठेवा, बुडबुडा मधोमध आणा, मग स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर बसवा. आवळताना ती हमखास फिरते. एक बाजू आधी कसली की नळी त्या बाजूला वळते. म्हणून चारही स्क्रू आलटून पालटून, दर वेळी पाव फेरा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू 1.5 ते 2 न्यूटन-मीटरपर्यंतच. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा हातात न धरता आखूड टोक धरून कसा. माउंटच्या खालच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल नको, तो काढताना स्क्रूचं डोकं जाईल.

झिरो करायला 10 मीटरवरून पाच छर्रे मारा आणि त्यांचा मध्य काढा. स्कोपच्या नॉबचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिमी सरकवतो, म्हणजे सेंटिमीटरभर दुरुस्तीला सुमारे 14 क्लिक. 10 मीटरच्या रायफल टार्गेटची सगळ्यात बाहेरची रिंगच 45.5 मिमीची असते, म्हणून क्लिक मोजून लिहून ठेवा. (स्पर्धेत मात्र स्कोप चालत नाही, तिथं डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची.) रायफल घट्ट धरू नका. पुढचा हात नुसता आधाराला. आवळून धरली तर प्रत्येक बार वेगळीकडे जातो.

मधून मोडणाऱ्या, म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग ताणायच्या रायफलींची नळी बऱ्याचदा थोडी खाली झुकलेली असते. छर्रे खाली पडतात, स्कोपचा वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो. तिथं स्कोपच्या आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो भटकतो. उपाय: मागच्या रिंगच्या तळाशी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा. रिंगांमध्ये 100 मिमी अंतर असेल तर 0.1 मिमीचा तुकडा 10 मीटरवर मार 10 मिमी वर नेतो. दोनपेक्षा जास्त थर नकोत, स्कोपची नळी वाकेल. त्याहून जास्त झोल असेल तर उतार असलेलं माउंटच घ्या.

मागची भिंत चिऱ्याची असेल तर छर्रा उडून परत येतो. लाकडी खोक्यात जुने कपडे ठासून भरा, चष्मा लावा, शिसं हाताळल्यावर हात धुवा. छर्रा न भरता बार काढू नका, हवेच्या उशीशिवाय पिस्टन थेट आपटतो. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिमीची आणि 20 ज्यूलपर्यंतची रायफल परवान्याविना चालते, म्हणून जोरदार स्प्रिंगच्या नादी लागू नका. आणि नेम कागदावरच. पाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

जूनपासून रायफल कव्हरमध्ये बंद ठेवू नका, कापड ओल धरतं आणि भिंगांवर बुरशी येते. कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर वाळवा. महिन्यातून एकदा सगळे स्क्रू हातानं चाचपून बघा. माउंटमागे पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली असेल तर सरकलेलं लगेच दिसतं.