लिअर्ड बेसिनमधल्या शेल गॅसचा अंदाज कसा बांधायचा

शेल गॅस म्हणजे शेल या बारीक कणांच्या थरदार खडकात अडकलेला नैसर्गिक वायू. लिअर्ड बेसिन (गाळाच्या खडकांचं खोरं) कॅनडाच्या वायव्य भागात आहे. ब्रिटिश कोलंबिया, युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज या तिन्ही हद्दींत ते पसरलं आहे. 2016 च्या सरकारी मूल्यमापनात इथून 219 लाख कोटी घनफूट विक्रीयोग्य गॅस निघू शकेल असं मांडलं गेलं. त्यातले 167 ब्रिटिश कोलंबियात, 44 नॉर्थवेस्टमध्ये आणि 8 युकॉनमध्ये. उत्तरेकडे विहिरी मोजक्याच, म्हणून एकेका नमुन्यावर मोठा भार पडतो. तो नमुना चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं.

नवी विहीर खणण्याआधी जुने दगड पाहा. उत्तरेतल्या जुन्या विहिरींचे कोअर (अखंड काढलेले खडकाचे दंडगोल) आणि कटिंग्ज (खणताना निघालेले तुकडे) कॅलगरीत जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भांडारात मिळतात. कटिंग्जमध्ये वरच्या थरांतून ढासळलेला मालही मिसळलेला असतो. तो तसाच दळू नका. धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शीखाली शेलचे काळे तुकडे चिमट्याने वेचा आणि मगच पायरोलिसिसला द्या, म्हणजे नमुना हवेविना तापवून त्यातून काय निघतं ते मोजणाऱ्या चाचणीला.

एकूण सेंद्रिय कार्बन 2 टक्क्यांच्या वर असेल तर थर विचारात घ्यावा. इथला शेल अतिपक्व (तेल बनण्याच्या टप्प्यापलीकडे तापलेला) आहे, त्यामुळे आज दिसतो तो कार्बन मूळ कार्बनाचा उरलेला भाग आहे. इथेच बरेच जण फसतात. एस-2 (पायरोलिसिसमध्ये सेंद्रिय पदार्थ फुटून निघणारे हायड्रोकार्बन) जर ग्रॅममागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर टी-मॅक्सचा (एस-2 सर्वाधिक निघतो त्या तापमानाचा) आकडा सरळ खोडून टाका, कारण इतक्या लहान शिखराचा माथा यंत्राला नीट सापडतच नाही. खणताना तेलयुक्त चिखल वापरलेल्या विहिरीत एस-1 (दगडात आधीच मोकळे असलेले हायड्रोकार्बन) खोटा वाढतो. पक्वता मोजायला व्हिट्रिनाइट (झाडांच्या अवशेषांपासून बनलेले कण) किती प्रकाश परावर्तित करतो ते पाहतात, पण जुन्या सागरी शेलमध्ये तो क्वचितच मिळतो. तिथे बिट्युमेनची (दगडात घट्ट झालेल्या डांबरासारख्या पदार्थाची) परावर्तनशीलता मोजा, तिला 0.618 ने गुणा आणि 0.40 मिळवा. उत्तर 1.3 च्या वर गेलं की थर तेलाच्या पट्ट्यातून बाहेर पडून गॅसच्या पट्ट्यात आला.

विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खोलीवार नोंदींना लॉग म्हणतात. सॉनिक (ध्वनीचा वेग) आणि रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) लॉग एकमेकांवर ठेवून कार्बन काढायची पद्धत अतिपक्व शेलमध्ये कमी आकडा देते, कारण रेझिस्टिव्हिटीच उतरते. त्यापेक्षा घनता लॉग कोअरमधल्या कार्बनशी जुळवून घ्या.

नवा कोअर काढलात तर पहिला तास फार जपा. कोअर वर येताच, त्यातून सुटणारा गॅस मोजण्यासाठी, तो डब्यात बंद करून डबा थराच्या तापमानाच्या पाण्यात ठेवा. वाटेत निसटलेला गॅस काढताना सुरुवातीच्या मोजण्या वेळेच्या वर्गमुळासमोर मांडतात आणि सरळ रेषा मागे ओढतात. उणे 30 अंशांत डबा उघड्यावर राहिला तर गॅस सुटण्याचा वेग मंदावतो, रेषेचा चढ कमी येतो आणि निसटलेला गॅसही कमी दिसतो. खूप खोलवरून आलेल्या कोअरमधला मोकळा (छिद्रांत भरलेला) गॅस बहुतेक वाटेतच गेलेला असतो. त्यामुळे मोकळ्या गॅससाठी डब्यावर विसंबू नका, तो सच्छिद्रतेवरून काढा.

उदाहरणादाखल 1 चौरस किलोमीटर, 100 मीटर जाडी, 5 टक्के सच्छिद्रता, 25 टक्के पाणी, आकारमान गुणांक (गॅसचं थरातलं आकारमान भागिले पृष्ठभागावरचं) 0.003 धरा.

10 कोटी × 0.05 × 0.75 ÷ 0.003 = 125 कोटी घनमीटर.

सच्छिद्रता 4 टक्के निघाली तर हाच आकडा 100 कोटींवर येतो. म्हणूनच ठेचलेल्या नमुन्यावरची सच्छिद्रता दोन प्रयोगशाळांतून करून घेणं परवडतं. सेंद्रिय पदार्थाला चिकटलेला गॅस लँगम्युअर वक्रातून (दाबानुसार किती गॅस चिकटतो ते दाखवणाऱ्या आलेखातून) घ्या, पण त्याने व्यापलेली पोकळी मोकळ्या गॅसमधून वजा करा, नाहीतर तीच जागा दोनदा मोजली जाते.

एकच आकडा कधीही देऊ नका. प्रत्येक घटकाचा पल्ला ठरवून हजारो वेळा हिशेब चालवा आणि पी-90, पी-50, पी-10 (ज्यापेक्षा जास्त गॅस असण्याची शक्यता 90, 50 आणि 10 टक्के आहे ते आकडे) मांडा. विक्रीयोग्य गॅस काढताना कार्बन डायऑक्साइड वजा करायला विसरू नका. शेजारच्या हॉर्न रिव्हर बेसिनच्या गॅसमध्ये तो 10 टक्क्यांच्या आसपास असतो.

युकॉनच्या भागाचा हिशेब वेगळा ठेवा. तिथल्या सरकारने 2015 मध्ये फ्रॅकिंगचा (जोराने पाणी घुसवून खडक फोडण्याचा) विचार फक्त लिअर्डपुरता आणि संबंधित फर्स्ट नेशन्सचा (कॅनडातल्या मूलनिवासी समुदायांचा) पाठिंबा असेल तरच करू असं जाहीर केलं होतं.