ऑनलाइन बालशोषणाचे आकडे वापरताना या चुका टाळा

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा कार्यक्रम आखायला बसलं की पहिल्याच स्लाइडवर एक भलामोठा आकडा टाकायचा मोह होतो. तो नेमका कशाचा आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढचा उपाय तिथूनच फसतो.

तक्रारी मोजल्या म्हणजे मुलं मोजली, असं धरू नका. अमेरिकेत हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी या संस्थेच्या सायबरटिपलाइनकडे, म्हणजे इंटरनेट कंपन्या आणि लोक जिथे ऑनलाइन बालशोषणाच्या तक्रारी पाठवतात त्या यंत्रणेकडे, २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी ६२ लाख तक्रारी आल्या, २०२४ मध्ये २ कोटी ५ लाख. शोषण घटलं म्हणायचं? मुळीच नाही. एकच व्हिडिओ असंख्य लोकांनी फॉरवर्ड केला की तक्रारींचा ढीग पडायचा. २०२४ मध्ये अशा तक्रारी एकत्र पाठवायची सोय झाली. घटना सुट्या मोजल्या तर त्याच वर्षाचा आकडा २ कोटी ९२ लाखांच्या आसपास जातो. त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल अशी सोय, आलं की ॲपच्या कंपनीला मजकूर दिसत नाही, मग तक्रार कुठून जाणार? दोन वर्षांची तुलना करण्याआधी मोजण्याची पद्धत बदलली का, एवढं तरी बघा.

व्याख्या न वाचता टक्केवारी उचलू नका. अमेरिकेत २००० साली झालेल्या सर्वेक्षणात इंटरनेट वापरणाऱ्या १० ते १७ वयोगटातल्या पाचातल्या एका मुलाने नकोशी लैंगिक विचारणा झाल्याचं सांगितलं. हा आकडा 'पाचातलं एक मूल नराधमाच्या जाळ्यात' अशा थाटात फिरला. प्रत्यक्षात विचारणा करणाऱ्यांत अल्पवयीन मुलंही मोठ्या संख्येने होती. २०१० मध्ये हेच प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं, पण ते कोण सांगतंय!

सगळा भर अनोळखी माणसावर नको. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणारी इक्पॅट ही संस्था, इंटरपोल आणि युनिसेफ यांच्या ऑनलाइन बालशोषणावरच्या 'डिसरप्टिंग हार्म' अभ्यासात त्रास देणारा अनेकदा ओळखीतलाच निघाला. मुलं बोललीच तर बहुतेक वेळा मित्रमैत्रिणींशी. पोलीस किंवा हेल्पलाइनपर्यंत फार थोडी पोचली. म्हणून 'अनोळखी रिक्वेस्ट स्वीकारू नका' एवढ्यावर थांबलेलं सत्र मला अर्धवटच वाटतं. मैत्रिणीने असं काही सांगितलं तर काय करायचं, हेही शिकवायला हवं.

सत्र संपताच प्रश्नपत्रिका देऊन यश जाहीर करू नका. त्यातून फक्त पाठांतर कळतं. काही महिन्यांनी पुन्हा विचारा, सत्र न मिळालेल्या वर्गाशी ताडून बघा. मोहिमेनंतर तक्रारी वाढल्या तर लगेच घाबरू नका. मुलं बोलू लागली असतील.

आणि मदतीची सोय न करता मुलांना प्रश्न विचारू नका. आईवडील शेजारी बसलेले असताना मूल खरं सांगणार नाही. सांगितलंच, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलणारा समुपदेशक आधीपासून ठरलेला हवा, आणि कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे मुलाला पहिल्या प्रश्नाआधी सांगितलेलं हवं.