लॉगिन लिंक उघडण्याआधीच बाद
सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांच्या ॲपला पासवर्ड नाही. ईमेल टाकला की एपीआयकडे (ॲप ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हरचा भाग) पोस्ट रिक्वेस्ट (काही काम करायला सांगणारी विनंती) जाते, मेलवर एकदाच चालणारी लिंक येते. मार्केट यार्डातल्या एका अडत्यांचा फोन आला, "अहो, लिंक दाबली की 'आधीच वापरली' म्हणतंय." सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींत) दिसलं, मेल पोचताच अनोळखी आयपी पत्त्यावरून लिंकवर गेट रिक्वेस्ट (पान नुसतं उघडण्याची विनंती). त्यांच्या मेलचा सुरक्षा-स्कॅनर लिंक आधी उघडून तपासत होता. लिंकमधलं टोकन (एकदाच चालणारा गुप्त कोड) तिथंच खर्ची पडायचं.

आता लिंक उघडल्यावर फक्त 'आत या' बटण दिसतं. टोकन बाद होतं ते बटण दाबल्यावर, पोस्टने. स्कॅनर सहसा बटण दाबत नाहीत.

ईमेल नोंदलेला असो वा नसो, एपीआयचं उत्तर एकच ठेवलंय, २०२ ('विनंती स्वीकारली' असा कोड). नाहीतर कुणाचं खातं आहे हे कोणीही चाचपून बघेल.