ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय? या चुका टाळा

रविवारी निवांत पोहे खाऊन अकराला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात पोचायचं आणि "फ्लेमिंगो कुठेत?" म्हणून विचारायचं, हे दर हंगामात बघते. ठाणे खाडीत वेळ ठरते ती भरती-ओहोटीवर. पाणी ओसरायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि रोहित (म्हणजे फ्लेमिंगोच) त्यावर चरायला उतरतात. फारच ओसरलं तर बोट काढता येत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग बरेचसे थवे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. म्हणजे मधली वेळ धरायची.

कोळी मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दशमीला साडेसातच्या. दिवसा एकदा, रात्री एकदा. खाडीत आतवर ती जरा उशिरा पोचते. मी आधी कालनिर्णय बघते, मग बोटीच्या वेळा, मग बुकिंग करते. सुट्टी कधी आहे ते सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक चिखलात उतरण्याची. गेल्या हंगामात एका सोसायटीची सहल आली होती. एका बाबांनी फोटोसाठी मुलाला कठड्यापलीकडे सोडलं. "अहो दादा, वर घ्या त्याला," म्हणेपर्यंत पोरगं गुडघ्यापर्यंत रुतलं होतं. दोघांनी ओढून काढलं, तर एक सँडल आतच राहिली आणि पोटरीवर लांबलचक ओरखडा. बाबांचं म्हणणं, "एकच मिनिट उतरवला होता." ओरखडा तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, श्वसनमुळांचा. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून तिवर पेन्सिलीएवढी मुळं वर काढून हवा घेतो. ती तुडवली की झाडाचा श्वास कोंडतो. शिवाय त्या चिखलात फुटक्या काचा असतात, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शनही आलंच.

मुलांना चिखल दाखवायचाच आहे ना? मग लाकडी वाटेवर दहा मिनिटं गप्प उभं करा. आधी बिळांतून खेकडे डोकावतात. मग एकच नांगी मोठी असलेला नर ती हलवत बाहेर येतो, आणि निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) परांवर सरकत उड्या मारायला लागतात. एवढा धीर मोठ्यांनाच नसतो, मुलांना असतो.

बोटवाल्या दादांना "जवळ घ्या, उडवा ना एकदा" म्हणू नका. याचा मला मनापासून राग येतो. हे पक्षी चोच उलटी करून चिखलपाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, आणि चिखल उघडा असेल तेवढाच वेळ त्यांच्या हातात असतो. तुमच्या रीलसाठी उडालेला थवा तेवढा वेळ उपाशी राहतो.

2015 पासून हे अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेव्हा ड्रोन आणि स्पीकर घरीच ठेवा.

पावसाळ्यात थव्यांच्या आशेने येऊ नका. जानेवारी ते एप्रिल बरा.

कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठ्या टाकू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांचं नाही.

दुर्बीण घरातल्या सगळ्यांत मिळून एक असली तरी चालते, पण आधी मुलांच्या हातात द्या. धाकटा रोहित आणि थोरला रोहित चोचीवरून ओळखायला सांगा: गडद लालसर-काळी चोच धाकट्याची, गुलाबी चोच नि काळं टोक थोरल्याचं.