मुंबईचा पाऊस आणि मोटारीचे इंजिन : साचलेल्या पाण्यात गाडी कशी सांभाळावी

पावसाळ्यात टो करून गॅरेजात आणलेल्या ज्या गाड्यांचे बिल हजारांवरून लाखांवर जाते, त्यांची हकिकत बहुधा एकसारखी असते. गाडी पाण्यात बंद पडली, मालकाने पुन्हा सेल्फ मारला, खट् असा आवाज आला आणि त्यानंतर इंजिन जागचे हलले नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी तिथल्या तिथे सुरू करून पाहायची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे काम झाले. परंतु हा नियम कशासाठी आहे हे समजून घेतलेले नसेल, तर मागून बेस्टच्या बसचा हॉर्न वाजू लागताच हात आपोआप चावीकडे जातो.

मोटारीचे इंजिन हवा ओढते, ती इंधनासह दाबते आणि पेटवते. १२०० सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. दाबाचे प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) ११ ला १ धरले, तर पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेमतेम ३० मिलिलिटर जागा उरते, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन टोपणे. डिझेल इंजिनात हे प्रमाण साधारण १६ ते १८ ला १ असल्यामुळे ती जागा २० मिलिलिटरपर्यंत खाली येते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तीन टोपणांहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये शिरले की वर येणारा पिस्टन अडतो, पिस्टनला वर-खाली हलवणारा फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मात्र त्याला वर रेटतच राहतो आणि या दोघांच्या मध्ये असलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक यालाच हायड्रोलॉक म्हणतात. पाणी ओढून गाडी बंद पडली तेव्हा नुकसान थोडक्यात निभावलेले असू शकते. पुन्हा सेल्फ मारला की आणखी पाणी आत ओढले जाते, आणि एखाद्या कोरड्या सिलिंडरने पेट घेतलाच तर त्या धक्क्याने शेजारच्या भरलेल्या सिलिंडरचा रॉड जातो. कधीकधी किंचित वाकलेल्या रॉडवरही गाडी चालते आणि पुढे कधीतरी भर वेगात तो तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो.

मग इतके सगळे लोक सेल्फ का मारतात? माझ्या मते याचे मूळ जुन्या गाड्यांच्या सवयीत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, ही या शहराची गाडी होती. तिच्यात हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर होता आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर होता. पाणी उडून डिस्ट्रिब्युटरचे झाकण ओले झाले की ठिणगी मरायची आणि इंजिनाने पाणी प्यायच्या आधीच गाडी आपण होऊन बंद पडायची. टॅक्सीवाला बॉनेट उघडून झाकण आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसायचा, दहा मिनिटे थांबायचा आणि सेल्फ मारून निघून जायचा. त्या गाडीपुरते ते बरोबरच होते. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे कार्ब्युरेटर गेले आणि संगणकाने चालणारे फ्युएल इंजेक्शन आले. डिस्ट्रिब्युटरही गेला आणि बहुतेक गाड्यांत प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र, रबराने बंद केलेली कॉइल बसली. आताची गाडी चार थेंबांनी बंद पडत नाही. डिझेलमध्ये तर ठिणगी नसतेच. त्यामुळे आजची गाडी खोल पाण्यात बंद पडली असेल, तर तिने पाणी ओढले आहे असेच धरून चालावे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तिच्याबरोबर पुसून सेल्फ मारण्याचा उपायही निवृत्त व्हायला हवा होता.

आपल्या गाडीचे नाक कुठे आहे ते मोजा

पाऊस सुरू होण्यापूर्वी एका रविवारी करण्याचे हे काम आहे आणि त्याला मोजपट्टीखेरीज काही लागत नाही. बॉनेट उघडा. एअर फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा शोधा आणि त्यातून निघणारा जाड पाइप पुढे जिथे उघडा होतो तिथपर्यंत बोट फिरवत जा. हे तोंड म्हणजेच गाडीचे नाक. ते कुठल्या गाडीत रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, कुठल्या गाडीत हेडलाइटच्या मागे, तर कुठल्या गाडीत थेट पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या पोटात असते. जमिनीपासून त्याची उंची मोजा आणि तिच्या निम्म्यापर्यंतच पाणी चालेल असे ठरवा. निम्मेच का, तर चालत्या गाडीच्या पुढे लाट उठते आणि समोरून बस आली तर तिची लाट त्यावर चढते. स्थिर पाण्याची उंची आणि बॉनेटखाली पोहोचणारी उंची यांत त्यामुळे बराच फरक पडतो. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत हा हिशेब चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या आसपास येतो. एसयूव्ही उंच असते म्हणून तिचे नाकही उंचावर असेल असे गृहीत धरू नये, मोजूनच पाहावे. विजेवर चालणाऱ्या गाडीला हवा ओढायची नसल्याने हायड्रोलॉकची भीती नाही. पण तिच्या बॅटरीला आयपी ६७ हे मानांकन असले तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही चाचणीच्या स्थिर आणि स्वच्छ पाण्यात, एवढाच आहे.

त्याच रविवारी आणखी काही गोष्टी उरकाव्यात. वायपरच्या खालच्या जाळीत गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची पाने साठून पाणी जाण्याची भोके बुजतात आणि मग ते पाणी ब्लोअरमधून पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरते. लोक दरवाजाच्या रबरांना दोष देत बसतात. ही पाने हाताने काढावीत. दरवाजांच्या खालच्या कडेची भोके काडीने मोकळी करावीत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद होतो, पण पाण्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पावसाळ्यापूर्वी बदललेला बरा. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते, ती गरम पाण्याने धुऊन, टर्मिनल कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावावी. सीएनजी गाडी असल्यास डिकीतले स्टेपनीच्या जागेचे पाणी आणि सिलिंडरच्या पट्ट्यांवरचा गंजही पाहावा. सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी बाकी असेल तर तीही उरकून घ्यावी.

भरतीचे वेळापत्रक

मुंबईत पाणी कुठे साचते हे सगळ्यांना ठाऊक असते : हिंदमाता, गांधी मार्केट, शीव, मिलन सबवे, अंधेरी सबवे. ते केव्हा साचते याकडे मात्र कमी लक्ष दिले जाते. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि त्यांतल्या अनेकांची समुद्राकडची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती मोठी असली की पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. उलट समुद्र आत येऊ नये म्हणून दारे बंद करून पंपांवर विसंबावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस अपवादाचा. पण साध्या दिवशीही जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की हिंदमाता भरलेच म्हणून समजावे. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी अशा मोठ्या भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. ते पान मोबाइलमध्ये ठेवावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे सोमवारी दुपारी बाराला असलेली भरती गुरुवारी अडीचच्या सुमारास गाठते. दोन तास ऑफिसात जास्त बसणे हा इंजिन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एक सूचना सोसायट्यांसाठी. एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगमध्ये ज्यांची गाडी खड्ड्यातल्या खालच्या मजल्यावर असते, त्यांची गाडी न चालवताही बुडते. मोठ्या भरतीच्या रात्री ती वर उचलून ठेवायला वॉचमनला आधीच सांगून ठेवावे आणि खड्ड्यातला पंप चालतो की नाही हे मे महिन्यात पाहावे.

पाण्यातून जावेच लागले तर

समोरची गाडी पूर्ण पार होईपर्यंत थांबा आणि तिची चाके कुठवर बुडतात ते पाहा. एसी बंद करा, कारण एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरत राहतो आणि पाण्यात पाती मोडू शकतात. पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असल्यास एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये पहिला, आणि माणसाच्या चालीने, अॅक्सिलरेटर एकसारखा दाबून, मध्ये न थांबता आणि गिअर न बदलता बाहेर पडा. जोरात नेल्याने लाट उंच होते, एवढेच साधते. बाहेर आल्यावर थोडे अंतर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहावे म्हणजे ते वाळतात. ओल्या ब्रेकवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नये, मागचे ड्रम चिकटतात; सपाट जागी गिअरमध्ये ठेवलेली गाडी पुरते.

सबवेत मात्र हे काहीही करून पाहू नये. तिथे पाण्याचा तळ दिसत नाही आणि पातळी मिनिटामिनिटाला चढते. पाणी दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत आले की गाडीचा विचार सोडून बाहेर पडावे. विजेवर चालणाऱ्या काचा आणि सेंट्रल लॉक कधी दगा देतील याचा भरवसा नसतो, म्हणून काचा आधीच खाली कराव्यात. बाहेरचे पाणी खिडकीच्या कडेपर्यंत चढल्यावर आतून दरवाजा ढकलणे जवळजवळ अशक्य होते. पुढची काच दोन थरांची असते आणि सहजी फुटत नाही, बाजूची काच कोपऱ्यावर टोकदार हातोडीचा घाव बसला तर बहुधा फुटते. अशी हातोडी हाताशी असावी, डिकीत असून उपयोग नाही.

बंद पडल्यानंतर

चावी फिरवून किंवा बटण दाबून गाडी बंद करा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि ढकलून उंचावर न्या. पोरे मदतीला येतात, गिअरमध्ये टाकून धक्का देऊन सुरू करू या असेही सुचवतात. सेल्फ न मारता धक्का दिला तरी इंजिन फिरतेच, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे. पाण्याच्या बाहेर आल्यावर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा : कागद कोरडा असेल तर बहुधा बचावलात, ओला असेल तर गॅरेजशिवाय इलाज नाही. मग इंजिनाचे तेल मोजण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी तेलात मिसळले आहे. ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये, गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेड, मागवावा.

गॅरेजात काय होते आहे हे उभे राहून पाहावे. चांगला मेकॅनिक आधी तेल काढतो, स्पार्क प्लग किंवा डिझेलमध्ये ग्लो प्लग काढतो, क्रँक हाताने पान्याने फिरवतो आणि भोकांतून पाणी बाहेर उडू देतो. त्यानंतरच सेल्फला हात लावतो. गिअरबॉक्सचे तेलही तपासायला सांगावे, कारण त्याच्या श्वासनळीतून पाणी शिरते. कार्पेट वरून वाळलेले दिसले तरी खालचा फेल्ट आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि काही गाड्यांत त्याच पातळीवर कंट्रोल युनिट व वायरिंगचे जोड असतात, म्हणून सीट काढून फेल्ट बाहेर उन्हात घालावा लागतो. मुंबईच्या जुलैत ऊन कुठले, तेव्हा पंखा.

विम्याचे थोडे, पण नीट लक्षात घ्यावे. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात पुराचे नुकसान मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेज, विम्यात ते मिळते, परंतु बुडालेली गाडी सुरू करून इंजिन गेले असेल तर ते परिणामी नुकसान ठरवून विमा कंपनी सामान्यतः नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर घ्यावे लागते, आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारे कव्हर) असले की सगळे मिळते हा समज चुकीचा आहे. गाडी हलवण्यापूर्वी पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावे आणि नुकसान पाहणारा कंपनीचा सर्वेअर येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नये. तेल आणि पाणी काढून ठेवायचे असल्यास कंपनीची संमती लेखी घ्यावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांत विशेष सावध असावे, कारण बुडालेल्या गाड्या तेव्हाच चकाचक होऊन बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा, कारण धुणारा सहसा तिथवर पोहोचत नाही आणि गाळाची रेघ पट्ट्यावर तशीच राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खळगा पाहावा, हेडलाइटच्या आतल्या बाजूला मातीचा थर आहे का ते पाहावे, आणि काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवून वास घ्यावा.