ऑडिट लॉग रोज रात्री १२ ला फिरवणे: माझा अनुभव

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचा सर्व्हर मी सांभाळतो; त्यावर रॉकी लिनक्स ८ ही ऑपरेटिंग सिस्टम आहे. केळीच्या दरांची फाईल चार दिवसांपूर्वी कोणी उघडली हे पाहायला गेलो, तर ऑडिट लॉग (कोणी काय केलं याची सर्व्हरवरची नोंदवही) कालच्या दुपारपासूनचाच. कारण ऑडिटडी, म्हणजे हा लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, मुळात तारखेने नाही, आकाराने लॉग फिरवतो (जुनी फाईल बाजूला ठेवून नवी सुरू करतो): ८ एमबी भरले की पुढची फाईल, अशा ५ फाईली, मग सर्वात जुनी गायब. केळीच्या हंगामात एवढी जागा दीड दिवसात भरते.

आधी लॉगरोटेट हे लॉग फिरवायचं नेहमीचं साधन लावून पाहिलं. फाईलचं नाव बदललं, पण ऑडिटडी त्याच जुन्या फाईलीत लिहीत राहिला. दोन रात्री त्यातच गेल्या.

शेवटी जमलं ते असं. ऑडिटडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलीत 'मॅक्स लॉग फाईल ॲक्शन' ला 'इग्नोर' दिलं, म्हणजे आकारावरून फिरवणं बंद. मग 'नम लॉग्ज' (किती फाईली ठेवायच्या) ५ चे ९० केले. हे विसरलात तर रोज फिरवूनही चालू फाईल सोडून चारच जुने दिवस हाती राहतील. त्यानंतर बदल लागू व्हायला 'सर्व्हिस ऑडिटडी रिलोड' ही कमांड. 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट' च्या नादी लागू नका, ते नकारच देतं.

मग रूटच्या (मुख्य ॲडमिन खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, एक ओळ: मिनिट ०, तास ०, पुढे तीन तारका आणि 'सर्व्हिस ऑडिटडी रोटेट'. 'सर्व्हिस' चा यूएसआर-एसबिनपासूनचा पूर्ण पाथ द्या, क्रॉनला तो आपोआप सापडत नाही. क्रॉन डॉट डेली या रोजच्या कामांच्या फोल्डरात टाकलं तर वेळ ॲनाक्रॉन हा दुसरा प्रोग्रॅम ठरवतो, नेमके १२ मिळत नाहीत, म्हणून ते टाळलं.

आता फाईल कितीही वाढू शकते, तेव्हा डिस्कची जागा आधी मोजा. दुसऱ्या सकाळी 'ऑडिट डॉट लॉग डॉट १' या नुकत्याच फिरवलेल्या फाईलीची शेवटची नोंद रात्री ११:५९ ची होती.