ट्रिगर लिहिताना या चुका टाळा

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरी-देवगडकडच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात: "स्टॉक जुळत नाही, जरा बघून जा." सॉफ्टवेअर कुणीही लिहिलेलं असो, खोट बहुतेकदा ट्रिगरमध्येच निघते. टेबलात नोंद पडली, बदलली किंवा पुसली की डेटाबेस जो कोड आपणहून चालवतो, तो हा ट्रिगर.

पहिली चूक, एकाच ओळीचा विचार करणं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ट्रिगर दर ओळीला (म्हणजे दर नोंदीला) चालत नाही. एका आज्ञेला तो एकदाच चालतो आणि आलेल्या सगळ्या ओळी त्याला 'इन्सर्टेड' टेबलात मिळतात. नवशिके त्यातला एक आयडी व्हेरिएबलात उचलतात आणि मोकळे होतात.

पावसजवळच्या एका व्यापाऱ्याकडे हेच होतं. मार्चमध्ये पेट्या थोड्या, कारकून एकेक नोंद घाली, हिशोब चोख. एप्रिलअखेर आवक वाढली तशी दिवसभराची एक्सेल यादी एकदम आत ढकलायला लागले. आवकेत सगळ्या नोंदी हजर, पण स्टॉकमध्ये यादीतल्या एकाच बागायतदाराच्या पेट्या वाढलेल्या! वखारीत रास पडलेली आणि पडद्यावर माल संपलेला, म्हणून वाशीची ऑर्डर नाकारली. बिचाऱ्या कारकुनाला चोर ठरवायचंच बाकी होतं.

दुरुस्ती चार ओळींची. आधी 'इन्सर्टेड'ची बागायतदारवार बेरीज, मग स्टॉकशी जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जुळणी. नुसता जॉइन लावलात तर एकाच माणसाच्या दोन नोंदींपैकी एकच धरली जाते. कर्सर फिरवूनही, म्हणजे एकेक ओळ संथपणे हाताळूनही, भागतं म्हणणारे भेटतात. त्यांनी भर हंगामात काउंटरवर बसून दाखवावं. मी ट्रिगर आधी एका ओळीवर, मग पाचपन्नास ओळींवर आणि शेवटी एकही ओळ न बदलणाऱ्या अपडेटवर चालवून बघतो. हो, शून्य ओळींवरही तो चालतो.

दुसरी चूक, ट्रिगरमधून बागायतदाराला एसएमएस पाठवणं. ट्रिगर नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा व्यवहारात) चालतो. एसएमएस पाठवणारा गेटवे अडकला की नोंदही अडकते आणि मागचे सगळे ताटकळतात. वर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे नोंद रद्द झाली, तरी गेलेला निरोप परत येत नाही. बागायतदार पैसे मागायला दारात हजर. ट्रिगरने फक्त 'पाठवायचे निरोप' अशा टेबलात ओळ टाकावी, पाठवायचं काम वेगळ्या जॉबचं, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचं.

बाकीच्या चुका, इतर डेटाबेसमधल्या, थोडक्यात. पोस्टग्रेसमध्ये दर ओळीच्या 'बिफोर' (नोंद पडण्याआधी चालणाऱ्या) ट्रिगरने नल, म्हणजे रिकामी किंमत, परत केलं तर ती ओळ गुपचूप गळते, एररही येत नाही. ओरॅकलमध्ये दर ओळीच्या ट्रिगरातून तेच टेबल वाचायला गेलात तर ओआरए-०४०९१ हा एरर (टेबल अजून बदलतंय, वाचता येत नाही) बहुतेकदा ठरलेला. तो दाबायचे जुगाड शोधू नका, रचना बदला. मायएसक्यूएल ८ मध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने (मूळ नोंद पुसली की तिच्याशी जोडलेल्या नोंदी आपोआप पुसण्याने) पुसलेल्या ओळींवर ट्रिगर चालत नाही, ट्रंकेटनेही (आख्खं टेबल एकदम रिकामं करण्यानेही) डिलीटचा ट्रिगर चालत नाही. आणि मोठ्या आयातीसाठी ट्रिगर बंद केलात तर तो चालू करायची आज्ञा त्याच स्क्रिप्टमध्ये खाली लिहा. "नंतर करतो" म्हणणाऱ्यांचे ट्रिगर मे संपला तरी बंदच असतात.